राजीनामा लिहिण्याआधी महिनाभर वही लिहा

तुरीच्या डाळीच्या डब्यावर मी ‘तूरडाळ’ असं लेबल चिकटवलं आणि त्या दिवशी आमच्या घरात पंचवीस वर्षांत झालं नव्हतं एवढं मोठं भांडण झालं. डबा पारदर्शक होता. आतली डाळ दिसत होती. पण मी सत्तावीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या-दुरुस्त करायच्या विभागात काढलेली, त्यातली शेवटची आठ सुपरवायझर म्हणून. फाइव्ह एस, म्हणजे कारखान्यातली नीटनेटकेपणाची शिस्त, अंगात भिनलेली. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला नाव, या हिशेबाने मी मंगळवारी सकाळी अकरा वाजता ओट्याखालचं सगळं बाहेर काढून ठेवलं होतं. ही बाजारातून आली, पिशवी हातात तशीच धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, रिटायर तुम्ही झालात. मी नाही झाले.”

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो होतो. भिंत आमच्याच घरातली निघेल असं वाटलं नव्हतं.

मी ३० सप्टेंबर २०१८ ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. वय अठ्ठेचाळीस. पिंपरी-चिंचवडमधली कंपनी, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणारी; नाव सांगत नाही. स्कीम नोटीस बोर्डावर लागली आणि पहिल्या दहा अर्जांत माझा अर्ज होता. हल्ली मी आठवड्यातून तीन दिवस भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये डाय (प्रेस मशीनमध्ये बसवून पत्रा कापायचे-वाकवायचे साचे) दुरुस्त करतो आणि बरा आहे. त्यामुळे लोकांना वाटतं, याला गणित जमलं. सोसायटीतले विचारतात, जुन्या शिफ्टमधले विचारतात, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये असलेला माझा भाचाही विचारतो. त्याला चाळिशीत ‘फायर’ व्हायचंय, म्हणजे भरपूर पैसे साठवून कायमचं मोकळं व्हायचंय. आमच्या वेळी फायर होणं म्हणजे गेटबाहेर काढलं जाणं. सगळ्यांचा प्रश्न एकच: मनासारखं काम करत राहावं, की लवकर सुटून घ्यावं?

मला काही जमलं नव्हतं. आधी अर्ज टाकला, मग हिशेब केला आणि विचार सगळ्यात शेवटी केला. हा क्रम बरोबर उलटा करायचा, म्हणून लिहितोय.

आधी वही

शंभर पानी साधी वही आणा. मोबाइलमध्ये लिहू नका, मोबाइलमध्ये लिहिलेलं आपण परत वाचत नाही. तीस दिवस रोज संध्याकाळी कामाचे तास ओळीने लिहायचे आणि प्रत्येक तासाला टॅग लावायचा. आमच्याकडे जॉबला, म्हणजे मशीनवरून निघालेल्या पार्टला, तीन टॅग असतात. हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे रीवर्क, दुरुस्त करून चालेल असा, लाल म्हणजे रिजेक्ट. ज्या तासात घड्याळाकडे लक्ष गेलं नाही तो हिरवा. काम ठीक होतं, पण त्याला चिकटलेलं काहीतरी नको होतं, मग तो साहेब असो, वेळ असो की प्रवास, तर तो पिवळा. आणि पगार दुप्पट केला तरी परत नको असा तास लाल.

मी ही वही नोकरीत असताना लिहिली नाही, तीच चूक झाली. घरी बसल्यावर, लेबलांच्या भांडणानंतर, बाल्कनीत बसून नमुन्याचा एक दिवस आठवून लिहिला. निगडीहून कंपनीची बस, सहा चाळीस: पिवळा. सात ते साडेसात हजेरी, कोण आलं नाही, कोणाला कुठल्या मशीनवर बसवायचं: लाल. साडेसात ते नऊ मीटिंग, म्हणजे काल जे उत्पादन निघालं नाही त्याची उत्तरं देणं: लाल. नऊ ते अकरा एक्सेल: लाल. अकरा ते साडेअकरा एका डायची ट्रायल होती, पोरांबरोबर प्रेसपाशी उभा राहिलो: हिरवा. कँटीन. मग ग्राहक कंपनीच्या माणसाचा फोन, त्याने मला झापलं, मी खाली कोणाला तरी झापलं: लाल. ऑडिटची कागदपत्रं, तीन वाजेपर्यंत: लाल.

सव्वाआठ तासांत हिरवा अर्धा तास. आणि यावरून मी निष्कर्ष काय काढला होता, तर मला कामाचा कंटाळा आलाय. कामाचा कुठला कंटाळा? काम मी आठ वर्षं केलंच नव्हतं. बढती मिळाली त्या दिवसापासून माझे हात स्वच्छ होते.

महिन्याने टॅग मोजा. हिरवे तिसऱ्या हिश्शाच्या वर असतील तर माझ्या मते नोकरी सोडायचा विचारच करू नका, मग भाचा कितीही कोष्टकं दाखवू दे. (तिसरा हिस्सा हे माप माझं, कुठल्या पुस्तकातलं नाही.) पिवळे जास्त असतील तर जॉब स्क्रॅप नाही, रीवर्कला पाठवायचा आहे. लालच लाल असेल तर पुढचा पैशाचा भाग दोनदा वाचा आणि खरंच बाहेर पडा.

एक अपवाद मात्र आधीच सांगून ठेवतो. माझ्या गावचा एक जण फोर्जिंगच्या हॅमर शॉपमध्ये होता, तापलेलं लोखंड यांत्रिक घणाने ठोकून घडवतात तिथे. पन्नाशीला आला तेव्हा त्याच्या उजव्या कानाने ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं आणि घरात टीव्हीचा आवाज एवढा की शेजारी भिंत ठोकायचे. त्याला काम आवडायचं. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून तो तापमान सांगायचा. तरीही त्याने लवकर सोडलं ते शंभर टक्के बरोबर केलं, आणि त्याला “मनासारखं काम सोडू नये” असं सांगणाऱ्याला मी हॅमरखाली नाही, पण हॅमरशेजारी आठ तास उभं करीन. आवडीच्या कामाच्या गप्पा एसीत बसलेल्यांना सोप्या असतात. शरीर झिजत असेल तर वही राहू द्या.

रीवर्क आपण होऊन मागावा लागतो

निरोप समारंभात शाल, नारळ आणि घड्याळ मिळालं. चहा घेताना आमचे मॅनेजर सहज म्हणाले, “तू ट्रेनिंग सेंटरला जायला तयार असतास तर मी तुला सोडलं नसतं. आता बाहेरून माणूस आणावा लागणार.” माझा बिस्किटाचा हात तसाच राहिला. सत्तावीस वर्षांत मी हे मागितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

तेव्हा मागा. एका पानावर, लेखी, आणि एकच मागणी. दहा तक्रारींचं निवेदन दिलं तर ते फायलीत जातं. मला परत बेंचवर पाठवा, ग्रेड तीच ठेवा. किंवा शिकाऊ पोरांना शिकवायला द्या. किंवा शिफ्ट बदला, किंवा घराजवळच्या प्लँटला टाका. काही खासगी कंपन्यांत चार दिवसांचा आठवडाही कमी पगारावर देतात, पण तोही विचारल्याशिवाय नाही. स्कीम लागायच्या आधी मागा. स्कीम लागल्यावर तुम्ही मागणीदार राहत नाही, आकडा होता.

यात अडतो तो अहंकार. सुपरवायझरचा परत फिटर झालो तर पोरं काय म्हणतील, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला असता. पोरं दोन दिवस म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्यांची डाय अडकते आणि ती हाक मारतात.

मग रजा घ्या आणि कुठेही जाऊ नका

पीएल, म्हणजे हक्काची पगारी रजा, साठलेली असते. त्यातले एकवीस दिवस घ्या आणि घरी बसा. कोकण नको, अष्टविनायक नको, मुलीकडे बंगळुरूला जाणं नको. पहिला आठवडा झोपेत जातो आणि तोच आपल्याला फसवतो. वाटतं, आयुष्यभर असंच हवं. दुसऱ्या आठवड्यात नळ दुरुस्त होतात, माळे रिकामे होतात. खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात. सकाळी दहाला पेपर संपतो, शब्दकोडंही सुटतं आणि जेवायला तीन तास असतात. या तीन तासांत तुम्ही काय करता ते बघा. मी स्वयंपाकघरात शिरलो.

ज्यांचं स्वप्न शेतीचं आहे त्यांनी ही रजा सुगीत घ्यावी. माझं गाव खटाव तालुक्यात, वाट्याला दोन एकर, ते थोरला भाऊ बघतो. कंपनी सुटल्यावर फेब्रुवारीत ज्वारी काढायला मी मोठ्या उत्साहाने गेलो. दोन दिवस विळा चालवला. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड, कंबर धरलेली. दादा काही बोलला नाही. दुपारी फक्त म्हणाला, “तू सावलीत बस. चहा तेवढा घेऊन ये सगळ्यांना.” मी बावीस माणसांचा सुपरवायझर, बांधावर किटली घेऊन उभा होतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात तसं दुरून शिवारही साजरंच दिसतं. दादाकडे अजून जातो, पण पाहुणा म्हणून.

उत्तर मला कागदाच्या तुकड्यावर मिळालं

जून २०१९. पाऊस लांबला होता. माझ्याबरोबर अप्रेंटिसशिप केलेल्या मित्राचं भोसरी एमआयडीसीत सहा माणसांचं वर्कशॉप आहे. त्याचा फोन आला: एका ब्लँकिंग डायच्या (पत्र्यातून आकार कापून काढणाऱ्या साच्याच्या) पार्टला एकाच बाजूला बर येतोय, चार वेळा धार लावून झाली, ग्राहक माल परत पाठवतोय, नुसता बघून जा.

बर म्हणजे पत्रा कापल्यावर कडेला उभी राहणारी धारदार किनार. पत्रा १.६ मिलिमीटरचा. एवढ्या पत्र्याला पंच (वरून कापत येणारा भाग) आणि खालची डाय यांच्यात प्रत्येक बाजूला साधारण ०.०८ ते ०.१ मिलिमीटर गॅप लागते, आणि ती चारी बाजूंना सारखी लागते. डोळ्यांना ती दिसत नाही. मित्राच्या टेबलावर सकाळचा पेपर पडला होता. मी त्याचा कोपरा फाडला, डायवर ठेवला आणि पोराला सांगितलं, मोटर बंद ठेव, प्रेसचं जड चाक, फ्लायव्हील, हाताने फिरव. पंच हळूहळू खाली आला, वर गेला. कागद उचलून उजेडात धरला. उजवीकडे ब्लेडने कापल्यासारखी कड. डावीकडे कागद कापलाच नव्हता, फाटला होता, तंतू लोंबत होते.

म्हणजे पंच उजवीकडे सरकलेला. धार लावून काय होणार? डाय टेबलावर घेतली, स्क्रू सोडले आणि डॉवेल पिनला (प्लेटा जागच्या जागी धरणाऱ्या खिळीला) हात लावला, तर ती हातात आली. डॉवेल हाताने निघता कामा नये. ती हातोडीने ठोकूनच निघायला हवी. भोक झिजलं होतं, त्यात पिन खुळखुळत होती आणि प्रेसच्या दर ठोक्याला पंच केसभर हलत होता. मग चारी बाजूंना शिम, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्या, घालून पंच बरोबर मधोमध बसवला, स्क्रू आवळले, दोन्ही प्लेटा एकत्र धरून आठ मिलिमीटरची भोकं दहाची केली, वरून भोक नेमक्या मापात आणणारा रीमर फिरवला, नव्या पिना ठोकल्या. पुन्हा पेपरचा तुकडा. चारी कडा स्वच्छ. मग पत्रा घातला. पार्ट बाहेर आला, मी अंगठ्याने आतून बाहेर अशी कड चाचपली. बर कधीही कडेच्या लांबीत बोट फिरवून तपासू नये, रक्त निघतं. हे त्या पोराला सांगितलं आणि त्याने मान हलवली. नऊ महिन्यांनी कोणीतरी माझं काही ऐकून मान हलवली होती.

घड्याळ बघितलं तर संध्याकाळचे साडेसात. दुपारचं जेवण राहिलं होतं आणि मला आठवलंही नव्हतं. घरी गेलो तो शर्टाला ग्रीस, नखं काळी. जेवताना ही माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “चार भाकऱ्या खाल्ल्यात. आणि आमटीला नाव ठेवलं नाहीत.”

तुमचा कागदाचा तुकडा कुठला, हे मला सांगता येणार नाही. बँकेतल्या माणसाचा तो अडलेला कर्जाचा कागद असेल, शाळेतल्या बाईंचा गणितात मागे पडलेला एखादा मुलगा असेल. पण नोकरी सोडायच्या आधी दोन-चार शनिवार कोणाकडे तरी जाऊन तो शोधा. नोकरीत सापडत नसेल तर बाहेर सापडतो का, हे पगार चालू असताना कळलेलं बरं.

आता पैसे

तीन महिन्यांचं पासबुक घ्या आणि खरा खर्च काढा, मनातला नको. वर्षातून एकदाच येणारे खर्च विसरतात: मेडिक्लेमचा हप्ता, गौरी-गणपती, गावची जत्रा, लग्नातले आहेर. समजा सगळं मिळून महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार.

महागाई सहा टक्के धरली तर ७२ भागिले ६ (७२ ला दराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं निघतात), बारा वर्षांत खर्च दुप्पट. आज अठ्ठेचाळीस असाल तर साठाव्या वर्षी हेच घर चालवायला महिना ९० हजार लागतील आणि बहात्तराव्या वर्षी १ लाख ८० हजार. मुलांच्या फिया थांबतात हे खरं, पण त्यांच्या जागेवर औषधं येऊन बसतात.

भाच्याच्या कोष्टकात ‘पंचवीस पट’ असं होतं. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट साठले की सुटलो, पहिल्या वर्षी चार टक्के काढायचे आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत जायची. हा नियम विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये मांडला, अमेरिकेतले शेअर आणि रोखे धरून, आणि तीस वर्षं पुरण्यासाठी. साठीला निवृत्त होणाऱ्या अमेरिकन माणसाला तो ठीक आहे. चाळिशीत सुटणाऱ्या माझ्या भाच्याला पैसे पुरायला हवेत पन्नास वर्षं, आणि महागाई आपली. मी त्याला तेहतीस पट धरायला सांगितलं. ५ लाख ४० हजार गुणिले ३३ म्हणजे १ कोटी ७८ लाख. तो गप्प झाला.

कंपनीतून काय मिळतं तेही नीट बघा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा बेसिक अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. ३० हजार बेसिक-डीए आणि सत्तावीस वर्षं असतील तर साधारण ४ लाख ६७ हजार. पीएफची पेन्शन लोकांना फार मोठी वाटते. पगार कितीही असला तरी बहुतेकांच्या बाबतीत हिशेबाला १५ हजारच धरतात: १५ हजार गुणिले वर्षं, भागिले ७०. अठ्ठावीस वर्षांना साधारण ६ हजार, आणि हातात त्याहून कमीच येतात, कारण सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना मर्यादा ६,५०० ची होती. ही पेन्शन अठ्ठावन्नला मिळते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कापतात; आठ वर्षं आधी घेतली तर पाव भागाहून जास्त गेलं, ते कायमचं. मी अठ्ठावन्नपर्यंत थांबलोय.

व्हीआरएसच्या रकमेतले ५ लाख करमुक्त, वरच्यावर टॅक्स. हे मला गेटवरच्या एजंटाने नाही, टॅक्स कापल्यावर कॅशियरने सांगितलं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर डोळा असेल तर तीही लक्षात घ्या: ती साठीनंतर, किंवा नोकरीतून निवृत्त झालेल्याला पंचावन्ननंतर, आणि तेही निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर ठरावीक मुदतीत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलेल्याला साठीपर्यंत ते दार बंद.

मेडिक्लेमवर मी सगळ्यात मोठा आपटलो. कंपनीची पॉलिसी शेवटच्या दिवशी संपली. नवीन मी आरामात दोन महिन्यांनी काढली. मार्च २०१९ मध्ये हिच्या पोटात दुखायला लागलं, पित्ताशयात खडे. पॉलिसीत छोट्या अक्षरांत लिहिलेलं, अशा ऑपरेशनला दोन वर्षं थांबा. बिल ७८ हजार, खिशातून. तेव्हा सोडायच्या दोन-तीन वर्षं आधी, कंपनीची चालू असतानाच, स्वतःची पॉलिसी सुरू करा. आधीपासून असलेल्या आजारांना २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवता येतं, पूर्वी चार होती. बीपी-शुगर लपवू नका. लपवलेलं क्लेमच्या वेळी बरोबर सापडतं.

पैसे जमा झाले की सहा महिने साध्या एफडीत ठेवा आणि कोणालाही काही कबूल करू नका. स्कीमच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गेटवर वडापावच्या गाडीपेक्षा एजंटांची गर्दी जास्त होती. आणि एजंट परवडले, पाहुणे नाही. कुठल्या तरी चुलत मेव्हण्याला माझ्या खात्यातला आकडा माझ्याआधी माहीत होता.

आता ज्या हिशेबाने माझं डोकं उघडलं तो. आवडीचं काम करून महिना २० हजार मिळाले तर वर्षाचे २ लाख ४० हजार साठवणीतून काढावे लागत नाहीत. गुणिले ३३ केलं तर ७९ लाख होतात. म्हणजे भोसरीतले माझे तीन दिवस कागदावर ७९ लाखांचे. हा हिशेब थोडा लबाड आहे, मला कळतं. डोळे आणि हात तेहतीस वर्षं चालणार नाहीत, सत्तरीत मला ०.०८ ची गॅप साधता येणार नाही. दहा वर्षं धरा, वीस-पंचवीस लाख म्हणा. तरी चाळिशीत पूर्ण सुटण्यासाठी वीस वर्षं लाल तास काढायचे, की मधेच पगार कमी करून हिरव्या कामाला लागायचं, हे दोन पर्याय भाच्याच्या कोष्टकात समोरासमोर कधी आलेच नव्हते. मला विचाराल तर मी दुसरा घेईन, आणि माझ्या चुका वगळून घेईन.

काम सुरू केलंत तर

पैसे घ्या. पहिले तीन महिने मी मित्राकडून काही घेतलं नाही, संकोच वाटला. परिणाम असा की रात्री साडेनऊला फोन यायचा, रविवारी पोरगं दारात यायचं. फुकट माणसाच्या वेळेला किंमत नसते, यात मित्राचा दोष नाही. दर दिवसाचा ठरवला आणि वार ठरवले: सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहा ते पाच. फोन लगेच कमी झाले आणि डाय माझ्या वारांची वाट बघायला शिकल्या. सुपरवायझरकी कोणी देऊ केली तर नको म्हणा. मित्राने एकदा विचारलं होतं, “तू सगळं शॉपच बघ ना.” मी हात पुढे केले, काळे होते, म्हटलं, हे असेच राहू दे.

आणि हे सगळं घरी आधी बोला. आमच्याकडे व्हीआरएसचा अर्ज टाकून झाल्यावर मी हिला सांगितलं, तेही पेढे घेऊन आलो होतो. नवरा घरी बसला की त्याची सुट्टी होते आणि बायकोचा ओव्हरटाइम सुरू होतो: दुपारचं एक जेवण वाढलं, दोन चहा वाढले, तिच्या भिशीच्या बायका येईनाशा झाल्या, दुपारची तिची झोप गेली. हे मला तिने सांगितलं तेव्हा कळलं, वहीत नव्हतं. तिचीही वही असायला हवी होती. मंगळवार-गुरुवारी मी आता अकरा ते एक वाचनालयात जातो, हा तिने घातलेला नियम आहे. डब्यांची लेबलं तिने काढली, तूरडाळीचं मात्र घट्ट चिकटलं होतं, ते राहिलं. त्या डब्यात सध्या साबुदाणा असतो.

भाच्याने वही आणली आहे. परवा फोटो पाठवला, अक्षर फार वाईट, मुलांना लिहायची सवय राहिली नाही. अकरा दिवस झालेत. म्हणतो, मामा, लाल मला वाटलं होतं तेवढे नाहीत, सगळे पिवळेच आहेत, मग आता मॅनेजरशी बोलू का? मी म्हटलं, अजून एकोणीस दिवस आहेत, आधी ते लिही.